पूर्णा आजी बदलली आणि आमच्यात तीन पार्ट्या पडल्या

रोहिणी हट्टंगडींबद्दल माझी काही तक्रार नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील ही कोण सोलापूरची शहाणी, एवढ्या मोठ्या बाईला नावं ठेवायला निघालीय. ज्या बाईने 'गांधी' सिनेमात कस्तुरबा करून ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला तिला रोज रात्रीच्या मालिकेतली आजी जमणार का, असला प्रश्नच नाही. प्रश्न आमचा आहे. म्हणजे माझा, आमच्या आत्यांचा (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) आणि शेजारच्या अक्कांचा. 'ठरलं तर मग'मधली पूर्णा आजी बदलली आणि तेव्हापासून आमच्या तिघींचं जे काय वाजायलंय ते अजून मिटलेलं नाही.

मालिका स्टार प्रवाहवर ५ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली. पूर्णा आजी म्हणजे ज्योती चांदेकर, हे समीकरण इतकं डोक्यात बसलेलं की त्यांना दुसरं काही नाव असेल हे आत्यांना पटायचंच नाही. १६ ऑगस्ट २०२५ ला त्या पुण्यात गेल्या. त्या दिवशी दहीहंडी होती, आमच्या चौकात साऊंडचा नुसता धुडगूस, खिडकीच्या काचा थरथरायलेल्या, आणि त्यातच मोबाईलवर बातमी आली. मी आत्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, पूर्णा आजी गेली. तर त्या म्हणे, "मारली होय गं? टीआरपीसाठी काय पण करतेत मेले." मालिकेत नाही हो आत्या, खरंच गेल्या त्या, हे त्यांना समजावून सांगायला मला खिडकी लावून घ्यावी लागली. मग रात्री जेवताना, बऱ्याच वेळाने, त्यांनी विचारलं, "तिला सायलीचं कळालं होतं का गं?"

नव्हतं कळालं. आणि आमच्या घरातलं सगळं दुखणं तिथे आहे.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. सायली ही वात्सल्य आश्रमात वाढलेली पोर. आश्रमाचे मधुभाऊ खुनाच्या खोट्या आरोपात अडकतात, त्यांना सोडवू शकेल असा वकील म्हणजे अर्जुन सुभेदार, आणि ह्या वकिलाशी सायली कराराने लग्न करते, मुदतीचं लग्न. अर्जुनची आजी ती पूर्णा आजी. तिची मुलगी प्रतिमा, जावई रविराज किल्लेदार, आणि त्यांची लहानपणीच हरवलेली मुलगी तन्वी. आजीचा सगळा जीव तन्वीत अडकलेला, अर्जुनची बायको होणार तर तन्वीच हे तिने मनात पक्कं केलेलं, त्यामुळे ही आश्रमातली सायली तिला डोळ्यासमोर नको. आणि सायली हीच तन्वी. हे आपल्याला ठाऊक, घरात कुणाला ठाऊक नाही, वरून प्रिया नावाची बया खोटी तन्वी होऊन मिरवते. म्हणजे ज्या नातीसाठी म्हातारी झुरते ती नात त्याच घरात सून म्हणून उभी आहे आणि म्हातारी तिच्याकडे बघायलाही तयार नाही. कथा तमिळवरून घेतलीय, तिकडची 'रोजा'. तिथेही वकील अर्जुनच, खोटी नात प्रियाच, आणि आजीचं नाव अन्नपूर्णी, त्यातलं आपल्याकडे पूर्णा राहिलं.

हे तमिळ प्रकरण मला अक्कांमुळे नीट कळलं. म्हणजे अक्का काय तमिळ नाहीत, पद्मशाली आहेत, घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकायची. अर्जुनसाठी प्रतिमा म्हणजे आत्या, मग तन्वी झाली आतेबहीण. आमच्यात मामाची मुलगी करतात, त्याला कोण काय म्हणत नाही, पण आत्याची मुलगी म्हटलं की आमचे आत्या-मामा सगळे कानावर हात ठेवतील. मी हे एकदा बोलून दाखवलं तर अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की हिला काय झालंय. त्यांच्यात मेनरिकम आहे, आत्याची मुलगी काय नि मामाची मुलगी काय, दोन्ही चालतात, उलट घरातलं सोनं घरात राहतं म्हणून आनंदच. "तमिळ लोकात पण असतं की ओ, त्यात काय," म्हणे. म्हणजे जी गाठ मराठी लेखकांनी तशीच उचलून इकडे आणून ठेवली आणि ज्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, ती सोलापुरात एका भिंतीच्या अलीकडे विचित्र आणि पलीकडे अगदी सरळ आहे. ह्या गावात राहण्याची ही मजा.

अक्का विड्या वळतात. आता डोळ्यांमुळे कमी केलंय, पण मांडीवर सूप नसलं तर त्यांना टीव्ही बघता येत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, एकेक काढायचं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड नखाने आत दाबायचं, दोरा मारायचा, बाजूला. नजर सगळा वेळ टीव्हीवर. मी पाच वर्षं शेजारी बसून बघतेय, एकदा पण त्यांनी खाली बघून दोरा मारलेला मला आठवत नाही. त्यामुळे आमच्या घरात सीन किती भारी होता हे मोजायचं साधन म्हणजे अक्कांचे हात. अर्जुन-सायलीचा रोमँटिक सीन, पाऊस, गाणं, हात सुरूच. प्रिया दाराआड उभी राहून ऐकते, हात सुरूच, फक्त एक तेलुगू शिवी जास्तीची. कोर्टात मधुभाऊ निर्दोष ठरले त्या भागात हात थांबले होते. आणि त्याआधी थांबले होते ते कराराचं सत्य घरात उघड झालं तेव्हा, कल्पनाच्या तोंडाकडे बघताना. अर्धी वळलेली विडी तशीच बोटात, तंबाखू सुपात सांडायली, जाहिरात लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

कल्पनाबद्दल मला बोलायचंच आहे, कारण सगळे लोक तिला शिव्या घालत होते आणि आमच्या घरात मी एकटी तिच्या बाजूने होते. कल्पना म्हणजे अर्जुनची आई. आजी सायलीला झिडकारत होती तेव्हा हिने तिला लेकीसारखं धरलं. सासू असून सुनेची बाजू घेऊन स्वतःच्या सासूशी वाकडं घेतलं. आणि एक दिवस तिला कळतं की हे लग्नच खोटं, कागदावर सह्या करून केलेलं, मुदत संपली की ही पोर बॅग उचलून जाणार होती. तिने कसं वागायचं सांगा ना? अर्जुन-सायलीचं पुढे प्रेम जमलं हे आपण बघितलं, आपल्याला दोन वर्षं आधीपासून कळत होतं, तिला कुठे कळत होतं? तिच्या हातात आला तो फक्त कागद. मी म्हणायचे, तिचा राग शंभर टक्के बरोबर आहे, उलट एवढं सगळं कळून जर ती लगेच विरघळली असती तर आधीची माया खोटी वाटली असती.

आणि आत्या, म्हणजे स्वतः सासू असलेल्या आत्या, सायलीच्या बाजूने! "पोरीचं काय चुकलं? म्हाताऱ्याला जेलातून सोडवायला केलं तिनं. स्वतःसाठी काय मागितलं होतं का?" मी म्हणायचे, आत्या, तुम्हाला माझ्याबद्दल असं काय कळालं असतं तर? तर म्हणे, "तू कशाला करशील असलं, तुला तेवढी अक्कल कुठंय." ह्याच्यावर काय बोलणार. नवरा आत कॉम्प्युटरवर काम करत असतो, तो तिथूनच हसला, त्याला दोघींनी मिळून गप्प केलं.

कराराचं लग्न म्हणून नाकं मुरडणारे पण बरेच भेटले. मला त्यात फारसं काय वाटलं नाही. सोलापुरात दर संक्रांतीच्या आदल्या दिवशी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, संमती कट्ट्यावर, पांढऱ्या बाराबंदीतल्या लोकांचा समुद्र उसळलेला, सात नंदीध्वज उभे, आणि सगळं गाव अक्षता टाकतं. तिला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा. तिची भक्ती खरी म्हणून ते लग्न खरं. लहानपणापासून वडिलांच्या खांद्यावर बसून हे बघितलेल्या माणसाला लग्नाच्या खरेखोटेपणाचा निकाल कागद बघून लावायची सवयच राहत नाही. तरी कल्पनाचा राग बरोबरच होता, हे पुन्हा सांगते.

असो. आजीकडे येते.

पूर्णा आजी आणि सायली ह्यांचं नातं हे ह्या मालिकेतलं सगळ्यात सावकाश शिजलेलं नातं आहे, अर्जुन-सायलीपेक्षाही. अर्जुन काय, पहिल्या शंभर भागांतच पाघळला होता, बाईने नुसतं मान वर करून बघितलं तरी ह्याची विकेट. आजीला मात्र लेखकांनी लवकर वितळू दिलं नाही, आणि ज्योती चांदेकरांनी तर अजिबात नाही. त्यांचं मला आवडायचं ते हे की त्या सायलीवर रागावलेल्या असताना सुद्धा ती काय करते इकडे लक्ष असायचं. तोंड फिरवलेलं, पण नजर त्या पोरीच्या मागे मागे. आमच्या मावशीआजी अशाच होत्या, सुनेशी बोलायच्या नाहीत पण ती जेवली का हे बाकी सगळ्यांना विचारायच्या. त्यामुळे पुढे आजी सायलीला जवळ घ्यायला लागली तेव्हा ते अचानक झालं असं वाटलंच नाही, ते आधीपासून आतमध्ये सुरू होतंच असं वाटलं. हे लिहिलेलं नव्हतं, मी पैजेवर सांगते. हे त्या बाईंचं होतं.

आणि म्हणून आमच्या डोक्यात तो एक सीन बांधून तयार होता. ज्या दिवशी आजीला कळेल. ही सायली, जिला मी उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नव्हते, ती माझ्या प्रतिमाची लेक. आम्ही तिघींनी तो सीन इतक्या वेळा मनात बघितलाय की दिग्दर्शकाला बोलावलं असतं तर आम्ही सांगितलं असतं कॅमेरा कुठे ठेवायचा. आत्यांच्या सीनमध्ये आजी देवघरात आहे. अक्कांच्या सीनमध्ये आजी आधी प्रियाच्या दोन कानाखाली देते, मग रडते. माझ्या सीनमध्ये आजी काहीच बोलत नाही, नुसता सायलीचा हात धरून बसते आणि मग कल्पनाकडे बघते, कारण कल्पनाने तिच्या आधी ओळखलेलं असतं, नाव माहीत नसताना. हा सीन ज्योती चांदेकरांच्या वाट्याला आला नाही. मालिका लांबवायची म्हणून सत्य पुढे पुढे ढकलत राहिले. आणीबाणीच्या क्षणी फोन वाजणार, पुरावा जळणार, साक्षीदार बेशुद्ध पडणार. आपण हसतो, की अजून वर्षभर काढतील हे. पण त्या वर्षभरात माणसं असतात ना. सत्तरीकडे झुकलेली बाई तुमच्या सीनसाठी किती थांबेल हे टीआरपीच्या गणितात धरलेलं नसतं. हे मी रागाने लिहितेय हे मला माहितीय.

मग दिवाळीच्या सुमाराला रोहिणी हट्टंगडी आल्या, आणि पार्ट्या पडल्या.

आत्यांचं म्हणणं, ही आजी नाही, ही आशा देशमुख आहे. 'चार दिवस सासूचे' ज्यांनी बघितलं त्यांना कळेल. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालं ते दहा वर्षांच्या वर चाललं, आणि त्यात रोहिणीताई सासू, कविता लाड सून. तेव्हा आत्या स्वतः सून होत्या. त्यांच्या सासूबाई पुढे खुर्चीवर, ह्या मागे भाकऱ्या थापत थापत दारातून वाकून बघायच्या, आणि त्या आशाताईंनी टीव्हीत काही सुनावलं की खुर्चीवरच्या सासूबाई मागे वळून ह्यांच्याकडे बघायच्या. दहा वर्षं! आता तीच बाई पूर्णा आजी होऊन सायलीच्या डोक्यावरून हात फिरवते तर आत्यांना वाटतं आता पुढे काहीतरी आहे हिच्या मनात. "बघ, गोड बोलायलीय. बघच तू." काही नाही हो आत्या, खरंच माया आहे ती. पण नाही. त्यांच्यातली सून जागी होते.

माझं एकदम उलट. मी रोहिणीताईंना ओळखते ती 'होणार सून मी ह्या घरची'मधली आईआजी म्हणून. २०१३, लग्न ठरायच्या आधीचे दिवस, हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये पंचवीस पोरी, श्री-जान्हवीवर जीव टाकणाऱ्या. श्रीचं ते बायकांनी भरलेलं घर आणि सगळ्यांना धरून ठेवणारी आईआजी, असं सासर मिळालं तर काय हवं असं आम्हाला वाटायचं. तर मला ह्या नव्या पूर्णा आजीची भीतीच वाटत नाही, राग आला तरी पटत नाही. पूर्णा आजीत जो ताठा पाहिजे, ज्याच्यामुळे तिचं प्रेम महाग वाटायचं, तो मला ह्यांच्यात दिसत नाही. म्हणजे तो त्या दाखवतात, नीट दाखवतात, मीच तो मानायला तयार नाही. एकच चेहरा, एकच भाग, एकाच सोफ्यावर बसलेल्या दोन बायका, एकीला ती बाई जास्तीची कडक वाटते नि दुसरीला जास्तीची मऊ. बिचाऱ्या रोहिणीताईंनी करायचं काय?

आणि अक्का. अक्कांच्या घरी आधी तेलुगू चॅनेलच चालायचं, त्यांनी ना आशा देशमुख बघितली ना आईआजी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ही कोण?" मी म्हणाले पूर्णा आजी. "ती तर गेली की." हो, ही नवीन. "हां." बस. हात सुरू. दुसऱ्या दिवसापासून त्या तिला पूर्णा आजीच म्हणायला लागल्या. मला राग आला त्यांचा, खोटं कशाला बोलू. मी म्हणाले, अक्का, तुम्हाला काहीच वाटत नाही? तर म्हणे, घरात आजी पाहिजे ना, पोरीला आजी नको का? आता ह्याला काय म्हणायचं. त्यांच्या दृष्टीने गोष्ट सायलीची होती, आणि सायली तर तीच आहे.

मी त्यांना 'मी सिंधुताई सपकाळ'चं उदाहरण देऊन बघितलं, २०१० चा सिनेमा. त्यात तरुणपणची सिंधुताई तेजस्विनी पंडित आणि पुढच्या वयातली ज्योती चांदेकर, म्हणजे खरोखरच्या मायलेकी, एकाच बाईच्या भूमिकेत. तिथे चेहरा बदलला ते चाललं कारण वय बदललं होतं आणि रक्त तेच होतं. इथे तसं काही नाही. अक्का म्हणाल्या मग तेजस्विनीला आजी करायची होती का. नवरा परत आतून हसला.

'प्रेमाची गोष्ट'मध्ये २०२५ च्या सुरुवातीला मुक्ता बदलली होती, तेजश्री प्रधान गेली, स्वरदा ठिगळे आली, तेव्हा मी तणतणत होते आणि आत्या शांत होत्या. नाटकात चालतंच की, म्हणायच्या. हुतात्मा स्मृती मंदिरात त्यांनी नाटकं पाहिली त्या काळात मूळ संचातला नट आला नाही तर दुसरा उभा राहायचा, लोक थोडं कुरकुरायचे आणि दुसऱ्या अंकापर्यंत विसरायचे. पण नाटक तीन तासांत संपतं आत्या, आणि तिथे नट नसला तरी तो कुठेतरी असतो. हे मी तेव्हा म्हणाले नाही, आत्ता लिहिताना सुचलं.

बाकी सध्याच्या भागांबद्दल फार नाही लिहीत. सायली अजून तशीच, सगळ्यांना माफ करते, जुई गडकरी ते इतकं सहज करते म्हणून खपतं, दुसरी कुणी असती तर मी चॅनेल बदललं असतं. अर्जुनच्या भावाने, अश्विनने, प्रियाशी लग्न केलं तेव्हाच मी त्याच्यावर पाणी सोडलं. अर्जुन कोर्टात बरा, घरात लहान पोरगं. चैतन्यसारखा मित्र मात्र सगळ्यांना मिळो, साक्षीच्या नादाला लागून त्याने जो काय गोंधळ घातला तो धरून सुद्धा.

परवा आमच्याकडे पाच दिवसांनी पाणी आलं, नेमकं मालिकेच्या वेळेलाच, त्यामुळे मी मोटार, पिंप, हंडे ह्यात, भाग गेला. नंतर मोबाईलवर लावून टीव्हीला जोडला तर आत्या म्हणाल्या, आजचा नको, जुना लाव, माझ्या पूर्णा आजीचा. लाव म्हणजे कुठला, ढिगाने भाग झालेत तिच्यासोबतचे. म्हणे कुठला पण लाव, अगदी सुरुवातीचा. मी खाली खाली सरकवत गेले, २०२३ मधला एक लावला. अक्का पण आल्या सूप घेऊन. आजी आली पडद्यावर, आत्या पुढे सरकून बसल्या, पदर सावरला. आणि आजीने सुरू केलं, सायलीचा नुसता उद्धार, पोरगी मान खाली घालून उभी. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. आत्यांची चुळबुळ सुरू. शेवटी म्हणाल्या, "किती बोलायलीय गं त्या लेकराला, आईबाप नाहीत म्हणून काय पण बोलायचं का? बंद कर. आजचा लाव तो."

अक्का म्हणाल्या, राहू दे की ओ, बघू पुढं काय होतंय.